दोन श्रावणांचं साल

कमळ कॅलेंडर बघते ते स्वतःच्या सणांसाठी नाही, दुसऱ्यांच्या उपासांसाठी. ती वेसाव्याची कोळीण. जोगेश्वरीच्या बाजारात सासूच्या जागेवर बसून म्हावरं विकते. कुठल्या गिऱ्हाइकाचा गुरुवार कडक, कोणाचा सोमवार नुसता नावाला, संकष्टी कुठल्या वारी पडली, मार्गशीर्षातले गुरुवार किती, हे सगळं तिला त्या त्या घरच्या सासवांपेक्षा जास्त ठाऊक असतं. सोमवार, गुरुवार, शनिवार असेच जातात. त्यात मंगळवारी संकष्टी आली की आठवड्याचं कंबरडं मोडतं. उरलेल्या दिवसांत जे येईल त्यात चार माणसांचं घर चालवायचं. उपास लोक करतात आणि त्याचा खर्च कमळ सोसते. पण हे सांगणार कोणाला आणि ऐकणार कोण.

त्यावर जून-जुलैची बंदी. दोन महिने होड्या बंदरावर ओढलेल्या. नवरा लहू चंद्रप्रकाशशेठच्या बोटीवर खलाशी, तोही या दिवसांत जाळी विणून मिळेल ती रोजी घेणार. कमळ बाजारात सुके बोंबील आणि जवळा घेऊन बसणार, पण सुक्यावर घर चालत नाही, फक्त ढकललं जातं. आणि बंदी उठली की वर श्रावण हजर.

यावर तिने वीस वर्षांत एक रीत बसवली होती. घरात रोख ठेवायची नाही. रोख दिसली की लहूला मित्राची अडचण आठवते, सासूला नातेवाइकांची लग्नं आठवतात आणि मुलीला मोबाइल. म्हणून मे संपता संपता पैशाचा तांदूळ व्हायचा, तेल व्हायचं, डाळ व्हायची. दुसरा सिलिंडर भरून कोपऱ्यात उभा राहायचा. वर्षाचा मसाला बरणीत दाबून बसायचा. अबोलीची कॉलेजची फी आगाऊ जायची. मग हातात उरायची ती फक्त श्रावणापुरती रोख. ती रक्कम म्हणजे घराची शेवटची फळी, तिला कोणी बोट लावायचं नाही. या रीतीमुळे इतकी वर्षं हातातल्या पाटल्या सोनाराकडे गहाण गेल्या नव्हत्या.

या पाटल्यांचं नीट सांगायला हवं, कारण बाजारातल्या बायकांना ते कधी कळत नाही. "अंगावर एवढं सोनं घालून बसतेस आणि दहा रुपये सोडत नाहीस," हे कमळने आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की आता तिला राग येत नाही, कंटाळा येतो. त्या पाटल्या म्हणजे मिरवायचा दागिना नाही. बंदरावर पहाटे लिलाव होतो तेव्हा शेठ आधी बाईच्या मनगटाकडे बघतो, मग तोंडाकडे. मनगट भरलेलं असलं तर पाटी उधारीवर उचलायची आणि पैसे संध्याकाळी द्यायचे. मनगट रिकामं असलं तर रोख टाक आणि मग पाटीला हात लाव. घरात पैसा नाही म्हणून पाटल्या गहाण टाकल्या की दुसऱ्या दिवसापासून धंद्यालाही पैसा नाही. व्याज वेगळंच.

हे कमळ ऐकून शिकली नव्हती. अबोली पोटात होती त्या साली असाच अधिक श्रावण आला होता, आणि तेव्हा पाटल्या गेल्या होत्या. सासू शांताबाई, बंदरावर जिच्या आवाजाला लोक वचकून असत, ती त्यानंतर दोन वर्षं दुसऱ्या कोळणींकडून किरकोळीत मासळी घेऊन विकत होती. पाटल्या सुटून आल्या त्या दिवशी तिने त्या सुनेच्या हातात घातल्या आणि म्हणाली, "आता तू सांभाळ. मना ते दिवस परत बगायचे नाय."

आणि आता पुन्हा अधिक श्रावण. एकाला लागून दुसरा.

कमळने हे जानेवारीतच बघितलं होतं. बघून तिने हिशेब बांधला तोही चुकीचा नव्हता. अधिक महिना लोक धरणार नाहीत. खरा श्रावण पाळतील, अधिकात खातील. म्हणजे एक ऑगस्टला होड्या सुटल्या की पंधरवडाभर दणकून धंदा. मग गटारीही दोन होणार, एक जुलैत आणि एक ऑगस्टात, ज्याचं जसं मन असेल तशी. कमळच्या डोळ्यांपुढे ह्या दोन गटाऱ्या नाचायला लागल्या, आणि वीस वर्षांत जे केलं नाही ते तिने केलं. श्रावणाची रोख काढली आणि साकीनाक्याला जाऊन एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानाचा जुना डीप फ्रीझर घेऊन आली.

विचार असा, की बंदीच्या आधी शेवटच्या होड्या येतात तेव्हा सगळेच विकायच्या घाईत असतात. तेव्हा सुरमई आणि कोलंबी घ्यायची, फ्रीझरमध्ये घालायची, आणि बंदीत मासळी मिळत नाही तेव्हा गटारीला काढायची. कागदावर झकास. मोठमोठे व्यापारी हेच करतात.

फ्रीझर दारातून आत येईना. दाराची चौकट एका बाजूने तासावी लागली.

"यात आपण चौघं मावतो," लहू म्हणाला. "भाड्याने द्यायला खोली मोकळी होईल."

"तू आधी आत जाऊन बस," कमळ म्हणाली. "तेवढाच तुझा चहा वाचेल."

जूनभर तो फ्रीझर घरात घुरघुरत राहिला. त्याच्यापुढे टीव्ही ऐकू यायचा नाही. कमळ येता-जाता झाकण उघडून बघायची, कोलंबीच्या पिशव्या दाबायची, सुरमईवर बर्फ कसा धरलाय ते बघायची.

"आई, सारखं उघडू नकोस, बिल वाढतं," अबोली म्हणायची.

"मेलं नाय ना, ते बगते."

"ते मेलेलंच आहे गं, म्हणून तर आत आहे."

जुलैच्या सुरुवातीला बिल आलं. अबोलीने मोबाइलवर उघडलं आणि आईपुढे धरलं. एवढं बिल त्या घराला दोन महिन्यांचं मिळूनही कधी आलं नव्हतं. शेवटची तारीख जुलै संपायच्या आत. नाही भरलं तर वीज जाणार, वीज गेली तर आतला सगळा माल एका दिवसात नाल्यात. तांदूळ अजून होता. पण तांदूळ देऊन बिल भरता येत नाही, ही त्या छान रीतीतली खोट तिला तेव्हाच कळली.

लहू त्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "एक पाटली ठेवू. गटारीला सोडवू."

कमळने ताट पुढे सरकवलं आणि उठली. शांताबाई दारात बसून जाळ्याची गाठ मारत होती. गाठ ओढत ती लहूला म्हणाली, "त्या साली तुझा बापूस पण हेच म्हणाला होता. एकच ठेवू."

तेव्हापासून कमळला बसवेना. बाजारात जागेवर बसली की पाय हलत राहायचे. येईल त्या गिऱ्हाइकाला एकच विचारायची, "ताई, तुमच्याकडे अधिक धरतात की नाय?" आणि प्रत्येकाकडून वेगळं उत्तर. एकीच्या सासूबाई दोन्ही श्रावण पाळणार होत्या. एकीचा नवरा एकही पाळणार नव्हता. एकीने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वाचून दाखवलं, त्यात शेवटी काय करायचं ते लिहिलंच नव्हतं. कमळ शेवटी देवळातल्या गुरुजींपर्यंत गेली.

"अधिकात सण नसतात," गुरुजी म्हणाले. "नेम ज्याचा त्याने ठरवायचा."

"म्हणजे लोक खातील का?"

"मी कसं सांगणार बाई? मी बारा महिने खात नाही."

त्यात धोंड्याचा महिना म्हणून शांताबाईने जावयाला चांदीचं निरांजन द्यायचं काढलं. कमळने तिला स्टीलचा डबा दाखवला आणि म्हणाली, "यात तेहतीस अनारसे मावतात. डबा पण त्यालाच ठेवू दे." शांताबाई दोन दिवस बोलली नाही. कमळला ते बरंच वाटलं, घरात तेवढाच एक आवाज कमी. फ्रीझरचा काही बंद होत नव्हता.

अमावास्या सोमवारी होती, म्हणजे खाणाऱ्यांची गटारी रविवारी. लहूशी घासाघीस करून ठरलं ते असं: अर्धा माल रविवारी काढायचा, अर्धा ऑगस्टच्या गटारीला ठेवायचा. रविवारी सकाळी कमळ सुरमई आणि कोलंबीची पेटी घेऊन जागेवर जाऊन बसली.

शेजारची पद्मजा आधीच येऊन बसली होती. तिने घाऊक बाजारातून बाहेरगावचं बर्फातलं म्हावरं आणलं होतं, बंदीतही चालतं ते. ह्या दोघी पंधरा वर्षं शेजारी. त्या ओळीतल्या बायकांचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही पण मोडला तर त्या ओळीत कोणी पाणी विचारणार नाही. सकाळी भाव एकत्र ठरतो, आणि शेजारणीची पाटी रिकामी होईपर्यंत त्याच्या खाली कोणी जायचं नाही. तसा भाव ठरला. पद्मजा त्या दिवशी बोलायला जरा तोडून होती. हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या वाजवत माशांवर पाणी मारत होती. कमळला तिच्याकडे बघायला वेळ नव्हता.

गर्दी होती, पण विक्री अडखळत होती. कमळ विचारणाऱ्याला सरळ सांगत होती, हे फ्रीझरचं, मेमध्ये घेतलेलं. कारण तिच्या गिऱ्हाइकांना कल्ला उघडून बघायची सवय तिनेच लावली होती. लोक ऐकायचे, दाबून बघायचे आणि पुढे जायचे.

शर्मिष्ठाताई आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, कमळच्या सासूपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी कोलंबीचा एकच वाटा उचलला.

"एवढीच?" कमळ म्हणाली. "ताई, गटारी ना?"

"नातवाला हवी म्हणून घेतेय. आमच्याकडे अधिक पाळत नाहीत. आमची गटारी ऑगस्टात. तेव्हा होड्या सुटलेल्या असतील, तुझ्याकडून ताजी सुरमई घेईन. फ्रीझरची कोण खाणार? आणि हे काय, एवढं सोनं घालून वीस रुपयांवरून अडतेस?"

कमळने वीस रुपये सोडले, कारण तिचं लक्षच नव्हतं. तिचा हात पाण्याच्या डब्यात तसाच राहिला होता.

दोन आठवडे ती लोकांना विचारत होती, अधिक धरता की नाही, आणि प्रश्नच चुकीचा होता. जे अधिक धरणार ते आज खाणार. जे धरणार नाहीत त्यांना घाई काय? ते पंधरा दिवस थांबतील आणि ताजं खातील. ऑगस्टच्या गटारीला बंदरावर ढिगाने ताजी मासळी असताना घरच्या फ्रीझरातल्या सुरमईकडे कोणी ढुंकून बघणार नाही. म्हणजे घरात ठेवलेल्या अर्ध्या मालाला आजच्यानंतर गिऱ्हाईकच नाही. आज नाहीतर कधीच नाही. रोजची वीज मात्र चालू.

तिने ओल्या हातानेच फोन लावला. "घरातलं सगळं घेऊन ये."

"सगळं?" लहू म्हणाला. "आणि दुसरी गटारी?"

"दुसऱ्या गटारीला तू ताजं पकडून आणशील ना? मग हे कोण खाणार, तू? रिक्षा कर. आत्ता."

रिक्षा करायला सांगितली म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे लहूला कळलं. तो अर्ध्या तासात आला. रिक्षावाला सीटवर पाणी सांडलं म्हणून कटकट करत होता. कमळने त्याला कोलंबीची एक मूठ पुडीत बांधून दिली आणि गप्प केला.

आता भाव उतरवल्याशिवाय एवढा माल जाणार नव्हता. ती पद्मजाकडे वळली.

"पद्मे, मना भाव पाडायचा हाय."

"पाड की. मग मी घरी काय नेऊ?" पद्मजा तिच्याकडे न बघता म्हणाली. "तुझं घरातलं हाय. माझं आजचं घेतलेलं, उसने पैसे संध्याकाळी मोजायचे."

"दुपार झाली तर कोण घेणार नाय. बायका सकाळीच रांधतात."

"फ्रीझर मी घ्यायला सांगितला होता का?"

हे खरंच होतं. पेटीतलं बर्फाचं पाणी फरशीवरून वाहायला लागलं होतं. लहू चपला भिजू नयेत म्हणून पाय वर घेऊन बसला होता, ते बघून तिला आणखीच संताप आला.

मग ती उठली, आपल्या पेटीवर ओलं गोणपाट टाकलं आणि पद्मजाच्या पाटीमागे जाऊन उभी राहिली. "ओ वहिनी, इकडे या. ही बगा, बर्फातली, कल्ला लाल हाय, बोट लावून बगा. माझं सोडा, माझं फ्रीझरचं." शांताबाईचा बंदरावरचा आवाज तिच्या गळ्यातून निघत होता. स्वतःची जुनी गिऱ्हाइकं हाताला धरून तिने पद्मजापुढे उभी केली. कापायला लहूला बसवलं. लहू खलाशी, त्याला मासा पकडता येतो, साफ करता येत नाही. त्याने केलेले तुकडे बघून एक बाई म्हणाली, "हे काय, बांगडा आहे की भेळ?"

"आज गटारी हाय ताई," कमळ म्हणाली. "रश्शात गेल्यावर सगळी सारखीच."

पद्मजा आधी घुश्शात होती, मग हसायला लागली, मग तीही ओरडायला लागली. तिची पाटी उन्हं वर यायच्या आत रिकामी झाली. तिने पाटी उलटी घातली, तिच्यावर बसली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "पाड आता. किती पाडायचा तेवढा पाड."

कमळने गोणपाट ओढलं. "फ्रीझरची सुरमई, मेमधली, म्हणून स्वस्त. खोटं बोलत नाय, घ्या नायतर सोडा." दोन्ही श्रावण धरणाऱ्या घरांतल्या बायका, पुढे दोन महिने मासळीचं तोंड बघायचं नाही म्हणून आलेल्या, पिशव्या भरून घेऊन गेल्या. शेवटचे चार वाटे तिने जवळजवळ फुकट दिले. नफा म्हणावा असं काही झालं नाही. घातलेलं निघालं आणि बिल निघालं.

सोमवारी बिल भरलं. बुधवारी फ्रीझर साकीनाक्याच्या त्याच माणसाला परत विकला. त्याने निम्मेच पैसे दिले आणि वर हसला. कमळ म्हणाली, "हस. चौकट तासल्याचे पैसे तुझ्याकडे नाय मागत, एवढं पुरे." घर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत कोणालाच झोप येईना. जुलैचे उरलेले दिवस जवळा, भात, जवळा, भात. अबोली एकदा म्हणाली, "आई, आपण पण अधिक धरू या का?" पाटल्या हातातच राहिल्या.

एक ऑगस्टला होड्या सुटल्या. लहू गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे लहान होड्या बंदरावर लागल्या आणि चंद्रप्रकाशशेठ लिलावाला उभा राहिला. कमळ पुढे झाली. शेठची नजर आधी मनगटांवर गेली, मग तोंडावर. "उचल," तो म्हणाला. दोन महिन्यांची उलघाल त्या एका शब्दात संपायला हवी होती. संपली नाही.

कारण मागोमाग पद्मजा पुढे आली, तिने पाटीच्या कडेला हात लावला आणि काचेच्या बांगड्या वाजल्या.

"रोख हाय?" शेठने विचारलं.

"संध्याकाळी देते."

"मग म्हावरं पण संध्याकाळी ने."

बायका हसल्या नाहीत. सगळ्यांना कळलं होतं. कमळलाही तेव्हाच कळलं की गटारीच्या सकाळी पद्मजा भाव पाडू का देत नव्हती. तिच्या पाटल्या त्याच्या आधीच गेल्या होत्या.

कमळला राग आला. पद्मजाचा, शेठचा, आणि जास्त करून आपला, कारण आता काय करायचं ते तिला दिसत होतं आणि ते तिला परवडणारं नव्हतं.

"तिची माझ्या नावावर टाक," ती म्हणाली.

"तुझ्या नावावर तुझी हाय."

"मग दोन टाक. पाटल्या पण दोनच हायत."

शेठने पुन्हा तिच्या मनगटांकडे बघितलं, जरा जास्त वेळ, आणि मान हलवली.

टेम्पोत दोघी पाट्यांना टेकून बसल्या. यारी रोड मागे पडला. पद्मजा म्हणाली, "संध्याकाळी देते तुझे."

"संध्याकाळी नाय, दुपारीच," कमळ म्हणाली. "शेठकडे मना तोंड दाखवायचंय. आज बुधवार. उद्या गुरुवार, परवा संकष्टी, तेरवा शनिवार. जे काय खपायचं ते आजच खपायला हवं."

"मग भाव काय लावायचा?"

कमळ पुढे वाकून टेम्पोवाल्याच्या पाठीवर थाप मारत होती. "अरे हाक ना जरा. सिग्नलला काय बगतोस, रस्ता मोकळा हाय."